लोकरीनं गप्प केलेली जीप

आमच्या जीपचा आवाज किती होता, हे सांगायला गेलं की लोक मला थापाड्या म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांनी ती जीप ऐकली, त्यांतले निम्मे बहिरे झाले आणि उरलेले निम्मे माझ्या बाजूनं साक्ष द्यायला तयार आहेत.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आमचं गाव कृष्णाकाठचं, कराड आणि इस्लामपूरच्या मधलं. गावात उसाच्या मोळ्या ओढायला बैलगाड्या होत्या चिक्कार, पण माणसं ओढणारी गाडी एकच, ती आमच्या तात्यांची. तात्या म्हणजे माझे चुलते. फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आले तेव्हा फौजेच्या लिलावातनं एक मोडकी जीप घेऊन आले. जीपला टप नव्हता, दारं नव्हती. तात्यांनी गावातल्या लोहाराला बोलावलं आणि गुऱ्हाळातली आमची जुनी काहील त्याच्या पुढ्यात टाकली. ज्या काहिलीत तीन पिढ्यांनी उसाचा रस आटवून गूळ केला, तिचा पत्रा कापून, ठोकून त्यानं जीपला छप्पर, बाजू आणि दारं केली. पावसाळ्यात ओल धरली की आत गुळाचा वास सुटायचा आणि मागच्या बाकावर मुंगळे आमच्याआधी जागा धरून बसायचे.

आता काहिलीचा पत्रा तो. पळी नुसती टेकली तरी घणघणणारा. त्याच्याखाली फौजेचं इंजिन, त्याच्याखाली दुष्काळी कामावर घाईघाईनं केलेला रस्ता आणि त्या रस्त्यावर मोकळी सुटलेली खडी. गाडी कराडच्या पुलावर आली की गावात आमच्या घरी चुलीवर चहाचं आधण चढायचं. आधणाला उकळी फुटायला आणि आम्ही दारात यायला एकच गाठ पडायची. हुरड्याच्या दिवसांत लोक तात्यांना हात जोडायचे, एकदा आमच्या बांधावरनं गाडी न्या म्हणायचे. तात्या नेत. ज्वारीवरची पाखरं जी उठायची ती सोलापूर जिल्ह्यात जाऊन उतरायची. विट्याला एका लग्नात वाजंत्री ऐन वेळी रुसून गेले, तर नवरदेव आमच्या जीपमागनं चालत मांडवात गेला आणि वरमाई म्हणाली, असला दणक्याचा बँड आमच्या भावकीत झाला नव्हता.

अशा गाडीत वर्षानुवर्षं बसून आमचं सगळं घर ओरडून बोलायला लागलं. माझ्या आत्यानं जेवताना मीठ मागितलं की शेजारीण वाटी घेऊन यायची.

पण त्या आवाजाचा एक फायदा होता आणि तो आमच्या घरानं पुरेपूर उचलला. तात्या गाडी चालवायचे आणि शेजारी आत्या बसायची. आत्या तात्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घराची सूत्रं आणि जीपची पुढची सीट दोन्ही तिनं ताब्यात घेतली. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गावातलं कुणी ना कुणी कराडला निघालेलं असायचंच. गाडी सुरू झाली की आत्या तात्यांच्या कानाशी तोंड नेऊन मागं बसलेल्या माणसाची उणीदुणी सांगायला सुरुवात करायची. भर आवाजात. मागच्या माणसाला ओठ हललेले दिसायचे, शब्द एक ऐकू यायचा नाही. एकदा मागं खुद्द सरपंच होते. आत्या त्यांच्या घरच्या पाणचट ताकावर बोलत होती आणि सरपंच हसून माना डोलवत होते, त्यांना वाटलं आपली तारीफ चाललीय. निंदा माणसाच्या पाठीमागं करतात. आमच्या घरी माणसाला पाठीमागं बसवून करायचे.

तर असं सगळं मजेत चाललं असताना मी म्हसवडला एका लग्नाला गेलो आणि पंगतीत आमटी मागितली.

वाढणारी पोरगी माझ्या पुढ्यातच उभी होती. पण आमच्या घराच्या सवयीप्रमाणं मी "आमटी!" म्हणून अशी हाळी दिली की दोन पंगती पलीकडचं एक बाळ रडायला लागलं.

पोरगी हलली नाही. म्हणाली, "मी हितं पुढ्यातच हाय. आता आटपाडीला ऐकू गेलं असंल. तितनं आमटी आली तर चालंल का?"

सगळी पंगत हसली. मी आमटीऐवजी पाण्यात भाकरी कुस्करली आणि खाल्ली. गावी आलो तो आजारी पडल्यासारखा पडून राहिलो. आत्यानं नाडी बघितली, जीभ बघितली आणि म्हणाली, "ताप न्हाई. सोयरीक बघा ह्याची."

आत्या म्हसवडला जाऊन पोरगी बघून आली. सोयरिकीला तशी आडकाठी नव्हती. आम्हीही मूळचे तिकडचेच. पंजोबा मेंढरं घेऊन माणदेशातनं चरत चरत कृष्णाकाठी आले, उसाचा एक तुकडा चघळला आणि माघारी जायचं विसरले. पण ऊस पोटात गेल्यापासून आमच्या भावकीला चढेलपणा आला होता. पूर्वेकडच्या पाहुण्यांना 'दुष्काळी' म्हणायचं आणि पोरी मात्र तिकडच्याच करायच्या, कारण त्या कामाला वाघ असतात, असा आमचा न्याय.

खरी अडचण पोरीच्या बापाची होती. फौजेत तोफखान्यात होते. तोफांनी त्यांचा उजवा कान पार बंद केला होता. आणि उजव्याचं काम डाव्यावर पडल्यामुळं असेल, तो डावा कान एवढा तिखट झाला होता की शेजारच्या आळीत कुणी पान चघळलं तरी त्यांना त्यात चुना कमी की जास्त ते कळायचं. हा माणूस पूर्वी एकदा आमच्या जीपमधनं कराड ते विटा आला होता. उतरल्यावर म्हणे देवळाच्या पायरीवर बसून राहिला आणि पुजाऱ्यानं घंटा वाजवली तर त्याला मारायला धावला.

मध्यस्थाकडनं त्यांचा निरोप आला. "पोरगा बरा हाय. घर बघायला येतो. पर यष्टीनं. लढाईत तोफा जरा थांबायच्या तरी, ह्यांची गाडी थांबत न्हाई."

हे ऐकून तात्या ताडकन उठले. आमच्याकडं मुलीचा बाप मुलाचं घर बघायला यायचा तर त्याला मुलाकडच्यांनी घरची बाई पाठवून, वाहन पाठवून आणायचा. ते नसलं तर गोष्ट वेगळी. "दारात गाडी असून पाहुणा फाट्यावर यष्टीतनं उतरला आन धुरळ्यातनं चालत आला, तर गाव काय म्हणंल? आमच्या गाडीत बसंल तर सोयरीक. न्हाई तर त्येनी त्येंची पोरगी ठेवावी, आमी आमचा पोरगा ठेवतो."

तात्या मला ठेवायला तयार होते, पण मी राहायला तयार नव्हतो. पाहुणा गाडीत बसेना आणि तात्या गाडीशिवाय पाहुणा घेईनात. पोरगी हवी असेल तर एकच मार्ग होता. मी भीत भीत म्हणालो, "तात्या, आवं, गाडीचा आवाज घालवला तर?"

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी गावच्या वळूला साडी नेसवायला निघालो होतो. "आवाज घालवला तर गाडीत ऱ्हायलं काय? आवाज हाच तर गाडीचा मान हाय, गड्या!" पण आत्यानं डोळे वटारले तशी तात्यांनी मान खाली घातली आणि जीप माझ्या ताब्यात आली.

पहिला इलाज आत्याचाच. "घणघणतंय म्हंजे पोकळ हाय. मातीची भित घणघणती का? सारवून काढ." असं म्हणून तिनं पदर खोचला आणि शेणामातीचा काला करून जीप आतनं जमिनीपासून टपापर्यंत सारवली. दाराच्या आत रांगोळीची दोन बोटंही ओढली. वाळल्यावर खरंच फरक पडला. आवाज दबका झाला, जीप आतून एखाद्या खोपीसारखी गारेगार. आम्ही मोठ्या तोऱ्यात निघालो आणि ओढ्याजवळच्या पहिल्या खड्ड्यात सगळं सारवण एकदम खाली आलं. गावात परत आलो तेव्हा गाडी स्वच्छ होती आणि आम्ही सारवलेले होतो.

मग मी गुऱ्हाळावर जाऊन बसलो. चुलाणावर नवी काहील चढवायची होती, तोवर ती विटांवर पालथी टाकलेली. सहज चाळा म्हणून मी तिच्यावर पळी मारली. घण्ण झालं आणि किती वेळ ते घणघणणं चालूच. दुसऱ्यांदा मारताना माझा डावा तळहात पत्र्यावर टेकला होता. या वेळी नुसतं थप्प! हात काढला की घण्ण, हात टेकला की थप्प. मी घण्ण-थप्प करत बसलो आणि गुळव्यानं लोकांना सांगितलं की सोयरीक मोडणार म्हणून पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पण मला मर्म कळलं होतं. आवाज इंजिनाचा थोडा आणि पत्र्याच्या थरथरण्याचा जास्त. पत्र्याला कुणीतरी जड हातानं कायमचं धरून ठेवायला हवं. असं काय आहे की जे पत्र्याला चिकटंल, जड असंल आणि खड्ड्यात पडणार नाही? उत्तर गावाबाहेरच पडलं होतं. रस्त्याच्या कामावरनं उरलेलं डांबराचं एक पिंप. मी डांबर तापवलं, गोणपाटाचे तुकडे त्यात बुडवले आणि थापटून थापटून पत्र्याला आतून चिकटवले. एक बाजू झाल्यावर बाहेरून बुक्की मारली. थप्प! मी आनंदानं नाचलो. नाचताना लक्षात आलं की एक चप्पल गाडीच्या तळाला कायमची राहिली आहे. ती तिथंच राहू दिली, तेवढाच पत्र्याला भार.

पत्रा गप्प झाला तसे बाकीचे आवाज वर आले. गर्दी पांगल्यावर जशी कोपऱ्यातली भांडणं ऐकू येतात तसे. दारं खडखडत होती, तर सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून चौकटीला पट्ट्या लावल्या. पायाखालच्या फटींतनं इंजिनाचा घुमारा येत होता, तिथंही ट्यूबा ठासल्या. तरी आत एक गुंगाट उरलाच. विहिरीत बोललं की घुमतं तसा. ह्या घुमण्याला काय करावं कळेना.

इथं पुन्हा आत्या धावून आली. तिला म्हणे लहानपणी आज्याकडनं ऐकलेलं कळपाबरोबरचं तळावरचं राहणं आठवलं. उघड्या माळावर वारा कितीही घोंघावला तरी डोक्यावरनं घोंगडं घेतलं की आत सगळं शांत. "लोकर आवाज खाती," ती म्हणाली. "आपल्या रक्तात हाय त्ये सोडून डांबरात कुठं गेलास?"

मी आटपाडीच्या बाजारातनं लोकरीची ओझी आणली. ताजी कातरलेली, मेंढराच्या वासासकट. धुवायचा धीर कुणाला होता? आत्यानं चिंचोके भाजून, दळून, त्यांची खळ शिजवली. घोंगडीला ताठपणा यावा म्हणून हीच खळ देतात. लोकरीचा एक थर, वर खळ, पुन्हा लोकर, पुन्हा खळ, आणि मग बडवायचं. आम्ही दोघांनी अंगणात लोकर एवढी बडवली की ओढ्यापलीकडच्या लोकांना वाटलं, आमच्या घरी वाटणीवरनं मारामारी लागलीय आणि ते काठ्या घेऊन मदतीला आले. दोन्ही बाजूंच्या मदतीला. बडवून बडवून लोकरीच्या जाड गाद्या झाल्या त्या डांबरावर बसवल्या. जीप आतून मेंढरासारखी दिसायला लागली. तात्या आत डोकावले आणि म्हणाले, "आता हिला बघून मेंढके कात्री घिऊन मागं लागतील."

मग चाचणी. बाहेरून गाडी पहिल्यासारखीच बोंबलत होती, कुत्री पहिल्यासारखीच पळाली. पण आत? आत काय शांतता! मला तात्यांच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आत्याच्या तोंडातली सुपारी ऐकू आली. माझे डोळे भरून आले.

"तात्या, कसं वाटतंय?" मी हळूच विचारलं.

तात्या काही बोलले नाहीत. मी ओरडून विचारलं, तेव्हा म्हणाले, "काय बी फरक न्हाई, पोरा. तसंच गुंऽऽ करतंय."

"हाय तसंच हाय," आत्याही ओरडली. "उगं लोकर घालवली."

मला वाटलं, जुनी माणसं हट्टी. इतकी वर्षं पुढच्या सीटवर बसून त्या दोघांच्या कानांतच जीप मुक्कामाला गेली होती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मी तेव्हा मनानं म्हसवडला पोचलो होतो.

हे सगळं काम आम्ही थंडीत केलं. मी मध्यस्थाला जीपमधनं एक चक्कर मारून आणली, त्यानं जाऊन पाहुण्यांना शपथेवर सांगितलं की गाडी देवाच्या गाभाऱ्यासारखी झालीय. पाहुणे तयार झाले. पण घर बघायचा मुहूर्त लागला ऊसतोड उरकल्यावर, ऐन वैशाखात. आम्ही डांबर थंडीत लावलं होतं आणि पाहुणा उन्हाळ्यात आणणार होतो. पण उसवाल्या माणसाचं डोकं तोड संपेपर्यंत दुसऱ्या कशात चालत नाही.

म्हसवडहून पाहुणे निघाले ते फौजेचा लोकरी कोट घालून, छातीवर बिल्ले लावून. व्याह्याच्या दारात जायचं म्हणजे तसंच जायचं, ऊन असो की आग असो. दारात पोरगी उभी होती. मी तिच्याकडं बघून, आयुष्यात पहिल्यांदा, हळू आवाजात म्हणालो, "येतो."

ती म्हणाली, "आँ? काय ऐकू आलं न्हाई."

मी पाहुण्यांना डावीकडच्या बाकावर बसवलं. मुद्दाम. तिथं बसलं की डावा कान पुढच्या बाजूला येत होता आणि ह्या तिखट कानानं माझी शांतता नीट ऐकावी अशी माझी इच्छा होती. मी समोर बसलो. गाडी निघाली. पाहुण्यांनी कान टवकारले. पत्र्यावर बोटानं टकटक करून बघितलं. मग माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले. "लेका, खरंच की! तोफखान्यात असला एखादा गडी असता तर आमचा कान वाचला असता."

माझं लग्न झालं होतं. फक्त अक्षता पडायच्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात पुढच्या सीटवर आत्या तात्यांच्या कानाकडं झुकली. तिचं तोंड उघडलं तसा मी तिला थांबवायला पुढं झेपावलो. पण वेळ गेली होती.

"पाव्हन्याचं नाक बघितलंस का?" आत्या गरजली. "त्याच्यावर घोंगडं वाळत घालता यील!"

"आक्का, हळू," तात्या तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले.

"कशाला हळू? ह्या गाडीत देवाला ऐकू यायचं न्हाई!"

पाहुण्यांचा हात नाकाकडं गेला. माझा कपाळाकडं.

"पोरगी बापावर गेली असंल तर?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई, म्या बघितलीया. आईवर गेलीया. बापाचं नुसतं त्वांड घेतलंय, बोलायला." आणि दोघं मनमुराद हसले.

मी खोकलो. मी बाकावर हात आपटले. मी ओरडलो, "तात्या! आत समदं ऐकू येतंय!"

तात्यांनी मान वळवली आणि प्रेमानं म्हणाले, "व्हय व्हय, पोचू की! कड काढ जरा!"

आत्या म्हणाली, "पोराला मळमळतंय वाटतं," आणि मागं न बघताच एक लिंबू माझ्या हातात कोंबलं. "तर काय म्हणत हुते? त्यो शिसवी पलंग पुढच्या खोलीतच ठेवलाय न्हवं?"

"ठेवलाय. पर शेजारी म्हणत हुते, सांजच्याला परत द्या. म्हाताऱ्याला खाली झोपवलंय त्येंनी."

"आन रेडिओ?"

"त्यो सोसायटीच्या सेक्रेटरीचा. आजच्या दिवस दिलाय."

"आन म्हसरं?"

"चार आपली. चार ओढ्यापल्याडनं आणून बांधल्यात. त्यातली येक दावं तोडून सकाळीच घरला गेली."

"आन पोरगा धार काढतो म्हणून सांगितलंय न्हवं मध्यस्थाला?"

"सांगितलंय. लाथ कुठं बसली त्ये सांगितलं न्हाई."

मी लिंबू सालासकट चावून खाल्लं. पाहुण्यांच्या नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या, आणि नाक खरोखरच मोठं असल्यामुळं ते हलणं दुरूनही दिसलं असतं. आटपाडी मागं पडली होती. ऊन असं होतं की माळावरचे दगड सावली शोधत होते. शेवटी पाहुणे मला शांतपणे म्हणाले, "गाडी थांबवायला सांग. मी उतरतो."

"मामा, आवं, ऐका तर..."

"उतरतो म्हणलं न्हवं!" म्हणत ते उठायला गेले आणि उठेनात.

पत्रा तव्यासारखा तापला होता. डांबर पाघळून गोणपाटातनं, लोकरीतनं झिरपत झिरपत बाहेर आलं होतं आणि पाहुण्यांचा फौजी कोट पाठीभर जीपला चिकटला होता. त्यांनी जोर लावला. लोकर ताणली गेली आणि त्यांना पुन्हा मागं ओढून बसवलं. वासरू गाईकडं पळालं की दाव्यानं मागं खेचतात तसं.

"मामा, कोट काढा की," मी म्हणालो.

त्यांनी डोळे असे फिरवले की मी बाकाखाली जायच्या बेतात होतो. "कोट सोडून उतरू? ह्यो कोट म्या सीमेवर सोडला न्हाई. तुझ्या पत्र्यात सोडू व्हय?"

म्हणजे उतरायची सोय नाही. आणि कानही बंद करता येईनात, कारण हात वर नेला की बाही चिकटत होती. ते तसेच बसून राहिले. पुढच्या सीटवर आत्याचं चालूच. तिनं आमच्या खारवटलेल्या तुकड्याचं काढलं, तिथं ऊस गुडघ्याच्या वर येत नाही हे सांगितलं. मग तिनं तोंडात सुपारी टाकली. मला वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, आणि ओरडूनच म्हणाली, पण तिचा आवाज निराळा होता, "आरं, नकार आला तर रं?"

तात्यांनी एक खड्डा चुकवला, तेवढ्यात तीच पुढं म्हणाली,

"पोरगं येडं झालंय तिच्यापायी. सगळी थंडी त्या पत्र्याला चिकटून बसलं. हातं भाजून घेतली. जल्मात येक काम पुरं केलं न्हवतं त्यानं, ह्ये केलं. म्या म्हणलं काय फरक पडला न्हाई, तर त्याचं त्वांड असं झालं... उगं बोलले. व्हय म्हणलं असतं तर काय झिजलं असतं?"

तात्यांनी गिअर बदलला. "नकार आला," ते म्हणाले, "तर गाडी इकीन. यष्टीनं येऊ देत पाव्हन्याला. म्या फाट्यावरनं पाठुंगळी घिऊन यीन. पोरापरास गाडी मोठी हाय का, आक्का?"

जीपमध्ये खरोखरच गाभाऱ्यासारखी शांतता होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

पाहुण्यांनी घसा खाकरला. मग चिकटलेल्या कोटासकट होता होईल तेवढे पुढं वाकले, आणि तोफखान्यात हुकूम द्यायचा तो आवाज काढून म्हणाले,

"आक्का! नाकाचं ऱ्हाऊ द्या! आमच्या पोरीला भाकरी थापता येत न्हाई!"

ब्रेक असा लागला की आम्ही सगळे एकमेकांच्या गावाला जाऊन आलो. आत्यानं सावकाश मान मागं वळवली. तिच्या तोंडातली सुपारी खाली पडली, तीही आम्हा मागच्या दोघांना ऐकू आली.

"तुमास्नी... ऐकू येतंय?"

"म्हसवडापासनं," पाहुणे त्याच आवाजात म्हणाले.

तात्या स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसले. त्या डोक्यानं हॉर्न दाबला गेला आणि तो वाजत राहिला. शेवटी पाहुणेच ओरडले, "आवं तात्या, टकुरं उचला! चार म्हशी हायत न्हवं आपल्या?"

"चार हायत," तात्या म्हणाले. "त्यातली येक भाकड."

"बास की. तुमच्या आक्का पोरगी बघायला आल्या तवा त्येंनी आमची हीर तुडुंब बघितली न्हवं? त्ये पाणी टँकरचं. आदल्या सांजला वतलं हुतं."

आत्यानं डोळे बारीक केले. "आन गोठ्यातली बैलजोडी?"

"मेव्हण्याची."

"आन पोरीनं विणलेला म्हणून दावला त्यो पडदा?"

"माझ्या बायकुनं. तिच्या लग्नाच्या आधी."

मग काय, कुणी गाडी चालू करायलाही तयार होईना. विट्याच्या अलीकडं एका बाभळीखाली जीप उभी, चारी दारं बंद, आत भट्टी, आणि दोन्ही घरं एकमेकांना आपापली खोटं सांगून टाकतायत. पुढच्या बैठकांत वर्षभर जे काढायचं, ते सगळं तिथंच निघालं. रस्त्यानं जाणारा एक गाडीवान आत डोकावून गेला. चार माणसं लोकरीत घामाघूम बसून हसतायत बघून त्यानं बैलांना चाबूक मारला.

गावात पोचलो तेव्हा पाहुण्यांचा कोट जीप काही सोडेना. शेवटी आत्यानं कात्रीनं पाठीमागची लोकर कापली. पाहुणे आमच्या दारात उतरले ते समोरून जवान आणि पाठीमागून मेंढरू. गावातल्या म्हाताऱ्यांना वाटलं, पूर्वेकडं नवीन पद्धत निघाली असावी. एक-दोघांनी शिंप्याकडं चौकशीही केली. पाहुण्यांनी आमचं घर बघितलंच नाही. पलंग पुढं केला तर म्हणाले, "ह्यो आधी शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन या, पाठ लागली असंल त्येची," आणि घोंगड्यावर बसले. लग्नाची सुपारी फुटली.

वैशाख संपायच्या आत लग्न झालं. वरात त्याच जीपमधनं आली. नवी नवरी आणि मी मागं, तात्या आणि आत्या पुढं. म्हसवडापासनं घरापर्यंत पुढच्या सीटवरनं एक शब्द आला नाही. आत्या तोंडाला पदर लावून बसलेली. दोन-तीनदा तिचा खांदा तात्यांकडं झुकला आणि माघारी आला. कुणीतरी उपास धरावा तसा चेहरा झाला होता तिचा. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "आवं, तुमच्यात गाडीत कुणी बोलत न्हाई व्हय?" पुढं आत्याची मान आखडली. कान गेले होते तरी एवढं बरं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर तात्या हातात खुरपं घेऊन जीपमध्ये शिरलेले. लोकरीच्या गाद्या खरवडून बाहेर फेकत होते. आत्या त्या गोळा करून उशीत भरत होती.

"आवं तात्या! ह्ये काय करताय?"

"गप बस," तात्या म्हणाले. "घरात माणूस वाढलं. आता बोलायला गाडीत तरी जागा पायजे का नको?"

डांबर, ट्यूबा, सगळं निघालं. माझी चप्पलसुद्धा. जीप पुन्हा काहिलीसारखी घणघणायला लागली, पाखरं उठायला लागली, आत्या पुन्हा पुढच्या सीटवर ताठ बसली. पण ती एकाच फेरीपुरती. त्या आठवड्यात आम्ही कराडच्या बाजाराला निघालो, तर माझी बायको सरळ पुढच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "आत्या, मला मागं गरगरतंय. म्या बसू का पुढं?" बापानं तिला बाभळीखालची सगळी हकीकत सांगितली होती, शब्द न् शब्द. नव्या नवरीला नाही म्हणायची पद्धत नाही. आत्या मागं आली, माझ्या समोर बसली.

गाडी सुरू झाली. कराडचा पूल येईपर्यंत मी बघत होतो. बायको तात्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती. तात्या हसत होते. मग ती जास्त सांगायला लागली आणि तात्यांना हसू आवरेना. आरशातनं त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माझ्या पायांकडं बघितलं आणि पुन्हा हसले. आत्या पुढं वाकून वाकून कान लावत होती.

"काय म्हणतीया रं?" ती मला ओरडून विचारत होती. "काय म्हणतीया?"

मला तरी कुठं ऐकू येत होतं!